आनाबाईची पाठवणी

एकनाथभाऊंना काहीही विचारावं, फक्त त्यांचं मत विचारू नये. चहा घेणार की कॉफी, एवढ्या साध्या प्रश्नावर हा माणूस रिकामा कप घेऊन मशीनपुढे उभा राहतो, दोन्ही बटणांकडे आळीपाळीने बघतो आणि शेवटी म्हणतो, "मॅडम, तुमी काय घेताय?" मग मी जे घेते तेच ते घेतात आणि पिताना असं तोंड करतात, की दुसरं घेतलं असतं तर बरं झालं असतं. मस्कतबाहेर रुसैलच्या मार्बल फॅक्टरीत मी डिझाइनचं काम बघते आणि एकनाथभाऊ दगडावर अक्षरं कोरतात. रुवीत आम्ही एकाच इमारतीत राहतो आणि कंपनीच्या एकाच बसने येतो-जातो. बसमध्ये खिडकीची जागा रिकामी असली तरी बसण्याआधी ते मागे वळून बघतात, कोणाला हवी आहे का म्हणून. सकाळी सकाळी असा वैताग येतो की सांगायची सोय नाही.

तोच माणूस छिन्नी हातात आली की बदलतो. आमच्याकडे बहुतेक काम मशीनवरच होतं. मी कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवते, रबराची स्टेन्सिल कापून दगडावर चिकटवतात आणि वाळूचा झोत मारला की अक्षर खोल जातं. पण एखाद्या गिऱ्हाइकाला हाताचंच काम हवं असलं, की मॅनेजर एकनाथभाऊंना हाक मारतो. भाऊ करंगळी दगडावर टेकवतात, एक डोळा बारीक करतात आणि एकदाही थांबत नाहीत. अरबी त्यांना वाचता येत नाही, इंग्रजीही यथातथाच. मी एकदा म्हटलं, शिकून का घेत नाही? तर म्हणाले, "वाचायला गेलो की हात चुकतो, मॅडम."

त्यांची एक सवय फक्त मला माहीत होती. पेट्रोल पंप, शाळा, ऑफिस, ज्याची कोनशिला असेल तिच्या मागच्या बाजूला, जी भिंतीत जाते तिथे, ते कुंकवाचं एक बोट लावतात. मशिदीचं काम असलं की कुंकू नाही. तेव्हा चप्पल काढून बसतात. त्यांचे वडील लांज्याकडे चिरेखाणीत कामाला होते. खाणीतून दिवसाचा पहिला चिरा निघाला की ते त्याला कुंकू लावायचे आणि मग दुसऱ्याला हात घालायचे. स्वतःच्या घरासाठी काढलेला चिरा असला तर एकनाथभाऊंची आई लावायची. लाल जांभा दगड तो, त्यावर कुंकू लावलं काय आणि न लावलं काय, दुसऱ्या दिवशी कोणाला दिसायचंही नाही.

वडील गेले, तेरावं झालं आणि एकनाथभाऊ घराला कुलूप लावून आईला मस्कतला घेऊन आले. बहीण बदलापूरला, भाऊ इथे, मग म्हातारी गावात एकटी कशी राहणार? त्या वेळी सगळ्यांनाच ते पटलं होतं. मलाही पटलं होतं.

आई, म्हणजे गंगुबाई, रुवीतल्या दोन खोल्यांत आल्या आणि पहिल्या दिवसापासून गोंधळल्या. गॅलरीत बसून खालचा रस्ता बघायच्या. समोर पैसे पाठवायचं ऑफिस, त्याच्या शेजारी सोन्याचं दुकान, खाली कासमचाचांचं किराणा दुकान. एकदा मला जवळ बसवून त्यांनी विचारलं, "बाय, हितं राज्य कोनाचं गो? मालक अरब, म्यानेजर मल्याळी, चाचा आपल्या श्रीवर्धनचा. पाटी अरबीत लिवतात नि भांडन हिंदीत करतात. माज्या काय डोक्यात शिरत नाय." मी हसले. नंतर जिना चढताना जाणवलं, की इतकी वर्षं राहून मलाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नसतं.

संध्याकाळी एकनाथभाऊ घरी आले की गंगुबाई एकच विचारायच्या, "घराकडं कदी जायाचं?" भाऊ म्हणायचे, "जाऊ ना, आये." हे "जाऊ ना" असंच चालू राहिलं. शेवटी गंगुबाईंच्या व्हिसाची मुदत संपत आली आणि आता खरंच काहीतरी ठरवायची पाळी आली. एक तर व्हिसा वाढवून आईला इथेच ठेवायचं, नाहीतर बदलापूरला बहिणीकडे पाठवायचं. गावच्या घराचं नावही कोणी काढत नव्हतं. पडली-झडली तर तिथे बघणार कोण?

आता एकनाथभाऊ आणि ठरवणं! त्यांनी कासमचाचांना विचारलं. चाचा म्हणाले ठेव. बहिणीला फोन केला, ती म्हणाली पाठव, पण जरा उशिरा पाठव. बायको मनाली रुवीतल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये आहे. ती म्हणाली, "काहीही करा, पण एकदाचं करा." मला विचारलं तेव्हा मी एका दिवशी ठेवा म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पाठवा. कंपनीच्या बसचा पठाण ड्रायव्हर, ज्याला गंगुबाई कोण हेही माहीत नव्हतं, त्यालाही भाऊंनी विचारून घेतलं. तो म्हणाला, "माँ है, साथ रखो." पण त्याची स्वतःची आई पेशावरला होती.

त्यातच एक दिवस गंगुबाई हरवल्या. मनाली कामावर गेली, भाऊ रुसैलला, आणि दुपारी कासमचाचांचा फोन आला. म्हातारी पिशवी घेऊन रुवीच्या बसस्टँडवर उभी होती आणि प्रत्येक बसच्या ड्रायव्हरला विचारत होती, "लांजा जाते काय?" पिशवीत दोन लुगडी, पाण्याची बाटली आणि हळदीकुंकवाचा करंडा. चाचांनी समजावून घरी आणलं. त्या संध्याकाळी एकनाथभाऊंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

मनालीची ड्युटी नेमकी दिवसाची होती. मग भाऊ आईला बरोबर फॅक्टरीत आणायला लागले. मॅनेजरने कुरकुर केली, पण भाऊंच्या हातात तेव्हा असं काम होतं की त्यांना दुखवून चाललं नसतं.

ते काम आणलं होतं हारून सरांनी. हारून सर मुरूडचे, इथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवतात. मस्कतमधल्या एका खाजगी गॅलरीत जुन्या शिलालेखांच्या नकलांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यातला एक दगड करून घ्यायचं काम सरांकडे होतं. पांढऱ्या संगमरवरावर, हुबेहूब, हाताने. फोटो देताना सर घाईत होते. काय लिहिलंय हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे जे येतं ते कोनशिलाच असतं, तेव्हा हीही कोनशिलाच असणार, असं मी धरून चालले.

फोटो मात्र विचित्र होता. मधोमध क्रॉस. डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी आणि वर हिब्रू अक्षरं. एका दगडावर चार लिप्या मी आयुष्यात जुळवल्या नव्हत्या. एकनाथभाऊ तर पार चक्रावले. "मॅडम, क्रॉस हाय म्हणजे चर्च झालं. अरबी हाय म्हणजे मशीद झाली. वरचं काय ते कळत नाय. ही कोनशिला नक्की कसली? मागं कुकू लावू का नको?"

"नका लावू," मी म्हटलं.

"नाय लावलं तर काय होनार नाय ना?"

मी पाठ फिरवून कॉम्प्युटरकडे गेले. माझा स्वभाव तापट आहे आणि तेव्हा वाळूचा झोत चालू होता.

तर असा तो दगड फॅक्टरीच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर पडलेला, एका बाजूला कूलर, त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत गंगुबाई आणि दगडावर वाकलेले एकनाथभाऊ. गंगुबाईंना मात्र तिथे बरं वाटत होतं. दगड फुटण्याचा आवाज, हवेत धूळ, बापासारखा वाकलेला मुलगा. त्यांनी लांज्याच्या बसचं नाव काढणं सोडलं. कधी कधी त्या दगडावरची पूड पदराने पुसायच्या आणि विचारायच्या, "कुनाचं नाव खोदतोस रे?" भाऊ म्हणायचे, "ठाऊक नाय, आये." हेही त्यांना चालायचं.

काम संपत आलं तेव्हा हारून सर बघायला आले. दगडाभोवती एक चक्कर मारली, चष्मा काढला, परत घातला आणि खूश होऊन म्हणाले, "अरे वा! अगदी तस्सं थडगं."

एकनाथभाऊंच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "थडगं?"

"थडग्यावरचा दगड आहे हा. विशाखा मॅडम, तुम्ही यांना सांगितलं नाही?"

विशाखा मॅडमना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, हे मी सांगून टाकलं. गंगुबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, कुनाचं थडगं?"

मग सरांनी सांगायला सुरुवात केली. शिकवायची सवय, त्यामुळे नीट पहिल्यापासून. भूमध्य समुद्रात सिसिली नावाचं बेट आहे. तिथे आधी बरीच वर्षं मुसलमानांचं राज्य होतं. मग उत्तरेकडून, फ्रान्सच्या बाजूने नॉर्मन लोक आले आणि त्यांनी बेट जिंकलं. हे नॉर्मन लढायला पक्के, पण संख्येने थोडे. बेटावर अरबी बोलणारे मुसलमान, ग्रीक बोलणारे ख्रिस्ती, ज्यू, असे सगळे. "आता राज्य चालवायचं कोणाच्या जीवावर?" सर म्हणाले. "होते त्यांच्याच. राजा ख्रिस्ती, पण दरबारात अरबी कारकून. नाण्यांवर अरबी. राजाचा पायघोळ झगासुद्धा अरबी अक्षरांच्या भरतकामाचा. रॉजर त्याचं नाव. त्याच्याच पदरी ग्रिसांदो नावाचा एक पाद्री होता. त्याची आई वारली, तिचं हे थडगं. आना तिचं नाव."

"हे तर आमच्या रुवीसारखंच झालं," गंगुबाई म्हणाल्या आणि जरा सैल बसल्या. "पन एका बाईला चार लिप्या कशाला?"

"जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावं म्हणून असेल. किंवा राजाचा माणूस आहोत हे दाखवायला असेल. खरं सांगायचं तर, आजी, नक्की कोणालाच माहीत नाही. वर जी हिब्रू अक्षरं आहेत ना, त्यातली भाषा अरबीच आहे. आणि गंमत म्हणजे चारी ठिकाणी साल वेगळं. लॅटिनमध्ये ख्रिस्ताच्या जन्मापासूनचं, अरबीत हिजरी, ग्रीक लोक जग निर्माण झालं तेव्हापासून मोजायचे, ज्यूही तसंच, पण त्यांचा हिशोब निराळा."

एकनाथभाऊ कपाळाला हात लावून दगडाकडे बघत होते. आपण चार वेगवेगळी सालं कोरून बसलो हे त्यांना आत्ता कळत होतं. गंगुबाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "बाई मेली एकदाच ना?"

"एकदाच," सर हसून म्हणाले. "पण पुरली दोनदा. आधी तिला मोठ्या देवळात, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये पुरलं. ते चर्च पूर्वी मशीद होतं. राज्य बदलून पंचाहत्तर वर्षं झाली तरी या अरबी मजकुरात त्याला जामे मशीदच म्हटलंय. लोकांच्या तोंडचं नाव असं लवकर जात नाही. मग काही महिन्यांनी या मुलाने आईला तिथून काढलं आणि दुसऱ्या चर्चमध्ये, स्वतः तिच्यासाठी बांधलेल्या जागेत आणून ठेवलं. वाजतगाजत, प्रार्थना म्हणत. तेच इथे लिहिलंय."

"म्हंजे लेकानं आईला हलवली."

"हो."

"तिला इचारलं काय?"

सर गोंधळले. "मेलेल्या माणसाला कसं विचारणार, आजी?"

"मरायच्या आदी इचारायचं," गंगुबाई म्हणाल्या.

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. दगडाकडेच बघत होत्या. एकनाथभाऊ खाली बसले आणि विनाकारण छिन्नी फडक्याने पुसायला लागले. मी आणि सरांनी एकमेकांकडे बघितलं.

थोड्या वेळाने गंगुबाईंनी विचारलं, "तिचं नाव कुठं लिवलंय, दावा की." सरांनी चारी बाजूंना बोट ठेवून दाखवलं. इथे आना, इथेही आना. "नवरा होता काय तिला?" सर म्हणाले, दगडावर नवऱ्याचा उल्लेख नाही, नुसता मुलाचा आहे. "मंग तो मेला हे कशावरनं?" सर म्हणाले तेही बरोबरच. आता ही चौकशी कशासाठी चालली आहे हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी जेवणाची वेळ झाली म्हणून सरांना ऑफिसात घेऊन गेले. एकनाथभाऊ हात धुवायला गेले.

परत आलो तेव्हा दगडाच्या चारी बाजूंना आनाच्या नावावर हळदीची बोटं आणि त्यावर कुंकू. गंगुबाईंनी बाटलीतल्या पाण्यात कालवून लावलं होतं, नीट बसावं म्हणून. नुकताच घासलेला, पॉलिश न केलेला पांढरा संगमरवर. तो पाण्यासारखा रंग पीत होता. गंगुबाई समाधानाने खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर करंडा. जन्मभर लाल चिऱ्याला कुंकू लावत आल्या, डाग पडतो हे त्यांना ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

मी ओरडलेच. एकनाथभाऊ धावत आले आणि मागोमाग मॅनेजर. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "ये किसने किया? अर्बाब को, मालिक को, क्या बोलूँ मैं? परसों डिलिवरी है!"

मला वाटलं, आता भाऊ माझ्याकडे बघतील. दोन बटणांमध्ये अडकतात तसे आई आणि मॅनेजर यांच्यात अडकतील. त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही. "मैंने किया," म्हणाले.

"तुमने? क्यों?"

"हमारा रिवाज है. मैं साफ करेगा."

मॅनेजरला खरं काय ते दिसत होतं, करंडा म्हातारीच्या मांडीवर होता. पण तो "यल्ला, जल्दी करो" म्हणून निघून गेला. हारून सरांनी तेवढं एकच विचारलं, डाग जाईल का? भाऊ म्हणाले बघतो. कधी नव्हे ते त्यांनी माझं मत विचारलं नाही.

दुपारभर त्यांनी डागांवर पांढऱ्या पावडरीचा लेप लावला, वर प्लास्टिक चिकटवलं. हळद उन्हाने उडते, म्हणून लेप काढल्यावर चार जणांना हाताशी धरून दगड अंगणात आणला आणि रुसैलच्या उन्हात ठेवला. गंगुबाई खुर्ची घेऊन त्याच्याजवळ सावलीत बसल्या. आपल्यामुळे काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. परत परत मला विचारत होत्या, "मी काय वंगाळ केलं, बाय?" कुंकू लावणं वाईट, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये त्या खिडकीजवळ, भाऊ मधे आणि मी या टोकाला. भाऊंनी अगदी हळू विचारलं, "आये, कशाला लावलंस?"

"ती जायला निघाली व्हती ना रं," गंगुबाई म्हणाल्या. "एका ठिकानावरनं दुसऱ्या ठिकानी. बायमानूस घरातनं निघालं की कुकू लावतात, मंग पाठवतात. पाद्र्याला काय ठाऊक? मिरवनूक काडली आसंल, गानी म्हटली आसतील. कुकू नसंल लावलं कुनी. म्हटलं, आपन लावू."

बस रुसैलच्या फाट्यावर खोळंबली होती.

"मला पन नाय लावलं कुनी," त्या पुढे म्हणाल्या. "तुजा बाप गेला नि तू मला घेऊन आलास. कपाळ पांढरं. ओटी नाय, कुकू नाय, शेजारनीनं दारातनं नुसता हात केला. चोरून आनल्यासारकी आले मी. म्हनून तर कळत नाय मी हितं आले का नाय ते. सकाळी उठले की वाटतं, अजून गावच्याच घरात हाय. मंग डोळं उघडले की हा पंखा."

मला रडू आलं. बाहेर बघायला खिडकीही माझ्याकडे नव्हती. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्याकडे बघत राहिले.

"आये," एकनाथभाऊ म्हणाले, "तुला कुठं ऱ्हायाचंय?"

गंगुबाईंनी मान वळवून मुलाकडे बघितलं. हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारला नव्हता. कासमचाचांना विचारला होता, बदलापूरला विचारला होता, पठाणाला विचारला होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, गाडी सुटली, आणि मग त्या म्हणाल्या, "माज्या घरात."

"एकटी?"

"एकटी कशी? तुज्या बापानं काडलेलं चिरं हायत ते."

मी काही बोलायची वाट न बघता भाऊ पुढे नुसते रस्त्याकडे बघत बसले.

दगडावरचे तीन डाग गेले. चौथा, ग्रीक नावाजवळचा, अक्षराच्या खोबणीत उतरला होता, तो फिका गुलाबी राहिलाच. हारून सर न्यायला आले तेव्हा भाऊंनी स्वतःच तो दाखवला. सर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "अरबी मजकुराच्या शेवटी काय लिहिलंय सांगू? या बाईसाठी जो दया मागेल, त्याच्यावर देव दया करो. आता राहू द्या तो डाग." निघताना त्यांनी असंही सांगितलं, की त्या बेटावरचं ते चार लिप्यांचं जमवून घेणं फार पिढ्या टिकलं नाही. पुढच्या राजांनी उरलेल्या मुसलमानांना उचलून समुद्रापलीकडे नेऊन वसवलं. "त्यांनाही कोणी विचारलं नाही," सर म्हणाले आणि जिथे गंगुबाई बसायच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मनालीला त्या दिवशी सुट्टी होती.

भाऊंनी तिकिटं काढली, आईचं आणि स्वतःचं, रजा टाकून. घर उघडून, कौलं शाकारून, आईला तिथे ठेवून, शेजारच्या सुमतीकाकूंना लक्ष ठेवायला सांगून आपण परत यायचं. बदलापूरच्या बहिणीने फोनवर फार बोलून घेतलं. लोक काय म्हणतील, आई पडली म्हणजे कोण जबाबदार? तिचंही काही खोटं नव्हतं. तिकिटं हातात घेऊन भाऊ माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, मी चुकतोय काय?" मी खरंच विचार केला. हो म्हणून बघितलं, नाही म्हणून बघितलं. दोन्ही तितकंच खरं वाटत होतं. "मला नाही कळत, भाऊ," मी म्हटलं. ते म्हणाले, "मला पन नाय कळत," आणि तिकिटं खिशात ठेवून कामाला लागले.

निघायच्या दिवशी मी खाली त्यांच्या घरी गेले. मनालीने ओटीचं तयार ठेवलं होतं, तांदूळ, नारळ, खण. तिने ओटी भरली, गंगुबाईंनी पदर पसरून घेतली. मग तिने करंडा उघडून माझ्यापुढे धरला, कारण त्यांच्या जाण्याच्या वेळी कुंकू मी लावावं असं आमचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. विधवेला कुंकू लावू नये असल्या गोष्टींवर मी कॉलेजात भाषणं ठोकली आहेत. तरी बोट कुंकवात बुडवलं आणि हात हवेतच राहिला. गंगुबाई माझ्यासमोर डोळे मिटून उभ्या होत्या, आणि मला काही केल्या समजेना की मी कशाला घाबरते आहे. त्यांना वाईट वाटेल म्हणून, की कोणी बघेल म्हणून, की नुसतीच सवय? मनालीही माझ्याकडे बघत राहिली.

एकनाथभाऊंनी बॅग खाली ठेवली. त्यांनी करंड्यात बोट बुडवलं, करंगळी आईच्या भुवईपाशी टेकवली आणि न थांबता कपाळाच्या मधोमध गोल कुंकू लावलं.

गंगुबाईंनी डोळे उघडले. "सरळ लागलंय काय रं?" त्यांनी विचारलं.

भाऊ एक पाऊल मागे सरले, एक डोळा बारीक करून बघितलं आणि कोणालाही न विचारता म्हणाले, "सरळ हाय, आये. चल."